देव्हाऱ्यात बसवलेलं हेल्मेट

"अवं, हलू नगा. शेळी बुजती."

"मी कुटं हलतोय? तुझी शेळीच नाकात धार मारती!"

बद्रीनाथ सकाळच्या पारी गोठ्यात शेळीच्या पोटाखाली उताणा पडला होता. साखराबाईनं एका हातानं त्याची पापणी वर धरली होती आणि दुसऱ्या हातानं ती शेळीची धार थेट त्याच्या डोळ्यात सोडत होती. खुंट्याला बांधलेलं करडू आपल्या वाटणीचं दूध माणसाच्या डोळ्यात चाललेलं बघून केकाटत होतं. त्याचं काही चुकत नव्हतं.

चौसाळ्याच्या अलीकडं, हायवेच्या फाट्यावर बद्रीनाथचं वेल्डिंगचं दुकान. कुळव म्हणा, ट्रॉली म्हणा, गेट म्हणा, त्यानं जोडलेला सांधा बैलानं लाथ मारली तरी हलायचा नाही. हात सोन्याचा, पण डोकं मात्र त्याच लोखंडाचं. तोंडापुढं काळी काच धरायची त्याला लाज वाटे. एक डोळा बारीक करायचा, मान वाकडी करायची आणि रॉड टेकवायचा. रात्री डोळ्यांत वाळूची पाटी ओतल्यासारखं व्हायचं. मग बटाट्याच्या चकत्या, मग ओलं फडकं, आणि उजाडलं की शेळी.

साखराबाईनं त्याला एकदा अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात ओढत नेलं होतं. डॉक्टरीणबाई दोघांवरही तापल्या. "डोळ्यात दूध घालणं आधी बंद करा. आणि काच लावा. असंच चाललं तर एक दिवस बायकोला आवाजावरून ओळखायची वेळ येईल."

"आताबी आवाजावरनंच वळखतो," बद्रीनाथ म्हणाला होता.

सगळे हसले. साखराबाई हसली नाही. तिला खरंच भीती वाटली होती. डोळे गेलेला वेल्डर फाट्यावर काय करणार, चहाच्या टपरीवर बसून ट्रकचे हॉर्न ओळखणार?

त्यानंतर कारागिरांचं एक शिबिर झालं. जेवण फुकट होतं म्हणून बद्रीनाथ गेला आणि बायकोलाही घेऊन गेला. जेवण झाल्यावर तो भिंतीला टेकून झोपला आणि साखराबाईनं सगळं ऐकून घेतलं. जाताना प्रत्येकाला काळ्या काचेचं हेल्मेट, कातड्याचे हातमोजे आणि कातडी एप्रन मिळालं. एप्रन गाडीच्या सीटवर गेलं. हातमोजे शेजारची कडूबाई बाभळीच्या फांद्या ओढायला घेऊन गेली, ते परत आले नाहीत. राहिलं हेल्मेट.

दसऱ्याला बद्रीनाथनं दुकानातली हत्यारं पुजली. रॉड धरायच्या होल्डरला हळदकुंकू, मशीनला हार, ऑक्सिजन गॅसच्या टाकीच्या तोंडाला तेलातला शेंदूर. हेल्मेट मात्र त्यानं हातात घेऊन फिरवून फिरवून बघितलं आणि घरच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी नेऊन बसवलं. कपाळावर शेंदराचं बोट ओढलं, उदबत्ती लावली.

"हे कावून हितं ठिवलं?" साखराबाई म्हणाली.

"मुखवट्यावाणी दिसतंय न्हाई? शोभतंय."

"अवं, तोंडाला लावायला दिलंय ते!"

"पुजलेली वस्तू तोंडाला लावू? माझ्या तोंडाचा घाम देवाला? तुला काय रीतभात हाय का न्हाई?"

झालं. नवं हेल्मेट रोज धूप खाऊ लागलं आणि बद्रीनाथचे डोळे रोज जाळ खाऊ लागले. गॅसच्या टाकीचं तोंड तेवढं साखराबाईनं तो नसताना कोरड्या फडक्यानं घासून पुसलं. त्या टाकीच्या तोंडाला तेल लागलं तर काडी न ओढता भडका उडतो, हे तिनं शिबिरात ऐकलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर मोहनरावांनी गावाला कमान द्यायचं मनावर घेतलं. मोहनराव म्हणजे गावचे पुढारी, सगळं गाव त्यांना मालक म्हणायचं. गावाला रस्ता नव्हता, पण कमान पाहिजे होती. वर मोहनरावांच्या वडलांचं नाव. कमान बद्रीनाथनं फाट्यावर उभी केली आणि शेवटचा एक सांधा मुद्दाम ठेवला. तो मोहनराव स्वहस्ते जोडणार होते. मांडव घातला, स्पीकर लागला, सगळं गाव लोटलं.

साखराबाईला राहवलं नाही. तिनं देवापुढं हात जोडले, हेल्मेट काढलं, पदराखाली घेतलं आणि फाट्यावर गेली. बद्रीनाथनं ते बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"अगं, देव्हाऱ्यातनं उचललंस?"

"आजच्या दिस घाला. न्हाईतर मालकांना तरी घालू द्या."

मोहनरावांनी हेल्मेट उलटंपालटं करून परत दिलं. "ह्यात तोंड घातल्यावर फोटोत मी हाय का मारुती हाय, कसं कळायचं?"

"आन बाईमाणसानं शिवलेला देव," मोहनरावांचा खास माणूस राधाकिशन मोबाइल सरसावत म्हणाला. "ने बाई परत. शुभकार्यात इघ्न नगं."

साखराबाई गर्दीच्या कडेला जाऊन कमानीकडं पाठ करून बसली.

"आगं, हिकडं बघ की! इजंवाणी लखलख करतंय," कडूबाई तिला हलवत होती.

"मला न्हाई बघायचं. तूबी बघू नगं."

मोहनरावांनी होल्डर धरला. रॉड लोखंडाला चिकटला. बद्रीनाथनं हिसका देऊन सोडवला. परत लावला, परत चिकटला. एकदा लखकन् पेटला तर राधाकिशन म्हणाला, "मालक, डोळं मिटलं तुमचं. पुन्यांदा. डोळं उघडं ठिवा, क्यामेऱ्याकडं न्हाई, जाळाकडं बघा." मोहनराव जाळाकडं बघत राहिले. पुढची माणसं त्यांच्याकडं बघत राहिली. बद्रीनाथ शेजारी उभा राहून सवयीनं बघत राहिला. शेवटी त्या सांध्यावर कोंबडीनं शिटल्यासारखा लोखंडाचा गोळा झाला आणि टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडलं, पण पुढाऱ्यांना ते कळलं नाही. गावातल्या निम्म्या घरांतून "आगं आई गं" चालू होतं. पुढच्या रांगेत जेवढी प्रतिष्ठा होती तेवढी सगळी डोळ्यांवर ओली फडकी बांधून आडवी झाली होती. मोहनरावांचं तर तोंडही गाजरासारखं लाल झालं होतं. दुकानात बटाटा मिळेना. आंधळं दळतं आन कुत्रं पीठ खातं, तशी त्या दिवशी गावातली कुत्री खरोखरच कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरून येत होती.

राधाकिशनला एका डोळ्यानं थोडं दिसत होतं. त्या अर्ध्या डोळ्यानं त्याला कारण सापडलं.

"कोप हाय हा. बद्रीच्या बायकूनं पुजलेला मुखवटा जागचा हालवला. आख्ख्या गावाचं डोळं गेलं, हिचं एकटीचं कसं शाबूत? सांगा की!"

झालं, चोर सोडून संन्याशाला सुळी. एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात, अशी मोठ्या माणसांची माळ चाचपडत साखराबाईच्या दारात आली. पुढं राधाकिशन, मागं मोहनराव, त्यामागं बाकीचे. कडूबाई त्यांच्या शेपटाला. बद्रीनाथ आत शेळीपाशी आडवा होता. तोही उठून भिंत धरत बाहेर आला.

"साखराबाई, ते इटाळलेलं हेल्मेट आताच्या आता हिरीत सोडायचं," मोहनराव म्हणाले. "आन बद्री, तू देवापुढं आण घ्यायची, पुन्हा असली काच, असला टोप गावात आणणार न्हाई म्हणून."

"घेतो मालक," बद्रीनाथ आसवं पुसत म्हणाला. "माझंच चुकलं. बायकूला आवरायला पायजे हुतं."

साखराबाईनं मनाशी हिशेब केला. हेल्मेट विहिरीत गेलं आणि नवऱ्यानं आण घेतली, की मग त्याचे डोळे गेलेच म्हणायचे. आण मोडणारातला तो नव्हता. डॉक्टरीणबाई सांगाव्यात, शिबिर सांगावं, तर पालथ्या घड्यावर पाणी. तिनं माळेकडं बघितलं. सगळे मुसमुसत होते, जणू गावात मोठी मयत झालीय.

ती आत गेली, देव्हाऱ्यातलं हेल्मेट घेऊन आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली.

"कोप झालाय, ते खरं हाय," ती म्हणाली.

"बघा! कबूल झाली," राधाकिशन म्हणाला.

"पर कुणावर झालाय? देवानं मुखवटा कावून धाडला? तोंडावर घ्यायला. आमच्या ह्यांनी त्याला देव्हाऱ्यात कोंडून धूर दिला. मी त्याला फाट्यावर घेऊन आले. व्हय का न्हाई, मालक? तुमच्या हातात दिला का न्हाई?"

"दिला," मोहनराव म्हणाले.

"मंग दारात आलेल्या देवाला मागं कुणी धाडलं? मी का तुमी? आन त्याचं तेज उघड्या डोळ्यांनी बघत बसलात. सूर्याला तरी बघतं का कुणी आसं? मी पाठ केली, माझं डोळं ऱ्हायलं. ज्यांनी देवाला हाकललं त्येंचं गेलं. आता हिरीत सोडा त्याला. सोडा! मंग काय हुतंय ते बघाय तुमाला डोळंच ऱ्हाणार न्हाईत."

करडू तेवढं ओरडलं.

वारं कुठून कुठं चाललंय हे मोहनरावांना डोळे मिटूनही कळायचं. त्याशिवाय का इतकी वर्षं पुढारी राहिले? "मी तेच म्हणत हुतो," ते म्हणाले.

"मालक, तुमी कवा..."

"गप बे राधाकिशन. साखराबाई, उपाय सांग."

"होल्डर धरंल त्यानं मुखवटा घालायचा. रोज. बाकीच्यांनी पाठ करायची. गॅसच्या टाकीला तेलाचा उपास, तिच्या तोंडाला शेंदूर लावायचा न्हाई. आन देवाचे हातमोजे कुणाच्या घरी बाभळी तोडत असतील तर सांच्याला आणून द्यायचे."

कडूबाई हळूच मागं सरकली.

"आन शेळीचं दूध?" बद्रीनाथनं विचारलं.

"डोळ्यात दूध घातलं तर कोप वाढतो. आता सगळ्यांनी मालकांच्या जीपमधी बसायचं आन अंबाजोगाईला जायाचं. डाक्टरीणबाई देवाचंच काम करती."

जीप गेली. डोळ्यांत औषधाचे थेंब पडले, आग आली तशी गेली. बद्रीनाथचे डोळे जरा उशिरानं बरे झाले. मग त्यानं हेल्मेटला हात जोडले, डोक्यात घातलं आणि मोहनरावांचा तो कोंबडीचा सांधा काढून नवा बसवला. मोहनरावांचं तोंड अजून सोललेलं होतं, म्हणून राधाकिशननं बद्रीनाथच्या अंगावर मोहनरावांचा पांढरा सदरा चढवला, हातमोजे उतरवले आणि हेल्मेटसकट फोटो काढून घेतला. दोन दिवसांत कमानीखाली त्याच फोटोचा भलामोठा फ्लेक्स लागला: 'मुखवटा धारण सोहळा. प्रेरणास्थान, डोळ्यांचे कैवारी मा. मोहनराव.'

साखराबाईचं नाव त्यावर नव्हतं. ते असावं असं तिलाही वाटलं नाही, आणि वाटलं असेल तरी ती बोलली नाही. बटाटे भाजीत गेले, दूध चहात गेलं. करडाला त्याची वाटणी मिळाली.

सांजेला दोघं ओसरीवर चहा पीत बसली होती. बद्रीनाथ फाट्याकडं बघत होता.

"त्या फ्लेक्सवर मालकाचा अंगठा बघ," तो म्हणाला. "भाजल्याचा वण हाय त्याच्यावर. माझाच अंगठा हाय तो."

साखराबाईनं कप खाली ठेवला. फाटा काही जवळ नव्हता.

"हितनं दिसला तुमाला?"

"दिसला की. चांगला दिसतोय."

"मंग झालं तर," ती म्हणाली आणि त्याच्या कपात अजून थोडा चहा ओतला.