सिरिलचं वळण

मी एल्डरबी गावची पायवाट बोलतेय. थांबू नका, धावता धावता ऐकलंत तरी चालेल. माझं अर्धं आयुष्य घाईत असलेल्या माणसांच्या पायांखालीच गेलंय.

माझा जन्म कधीचा, ते मला सांगता यायचं नाही. आधी मेंढ्या आल्या, मग त्यांच्या मागून मठातले साधू. लोकरीचे गठ्ठे पाठीवर घेऊन ते ओढ्यावरच्या दगडी पुलापर्यंत जात आणि येताना मोकळ्या पाठीने गाणी म्हणत येत. पुढे एका राजाने मठ मोडला. मठाचे दगड गावकऱ्यांनी आपापल्या घरांना लावले. मला मात्र कुणाला उचलून नेता आलं नाही, म्हणून मी राहिले.

पबच्या मागून मी निघते. मठाच्या मोडक्या कमानीखालून, ओढा ओलांडून, बीच नावाच्या झाडांच्या रानातून चढते. वर कुंपण आहे, त्याला दोन्ही बाजूंनी लाकडी पायऱ्या आहेत. त्या उतरलं की मोठं शेत, आणि शेताच्या पलीकडे चर्च. रविवारी सकाळी गावातले धावणारे माझ्यावरून जातात, चर्चला वळसा घालतात आणि परत पबकडे येतात. चर्चच्या आत जाणारे त्यांतले थोडेच, पबच्या आत मात्र सगळे जातात.

ते मोठं शेत हेच माझं दुखणं आहे. दर शरदात तिथे नांगर फिरतो आणि तेवढी मी पुसली जाते. मग कुणीतरी पहिला येतो, ओल्या ढेकळांतून चर्चच्या मनोऱ्याकडे बघत पलीकडे जातो, आणि बाकीचे त्याच्या पावलांत पावलं टाकतात. अशी मी दरवर्षी नव्याने होते. पण गहू उगवायच्या आत कुणी आलं नाही, तर संपलंच. इथला माणूस कोंबांवर पाय ठेवत नाही. उभा राहतो, हळहळतो आणि डांबरी रस्त्याने निघून जातो.

माझा तो पहिला माणूस म्हणजे सिरिल गार्लिक. तो लोकांच्या छपरांवर दगडी कौलं बसवायचा. तरुणपणी एका छपरावरून पडला, डावा पाय मोडला आणि जरा बाहेर वळूनच जुळला. त्यामुळे तो कितीही सरळ निघाला तरी शेताच्या मधे, अ‍ॅशच्या एकट्या झाडापाशी आला की डावीकडे ओढला जायचा. त्याच्या मागून बायको यायची, हिल्डा. बाई सडसडीत, पाय सरळ, तोंडही चालू.

"अरे, नाकासमोर पळ ना! न पिता हे असं, पिऊन कसा जाशील?"

"तू मागून बडबडतेस म्हणून तोल जातो माझा. ये पुढे, दाखव."

"पुढे आले तर घरी जाऊन माझा चहासुद्धा होईल. तू बसशील इथेच झाडाला टेकून."

पण पुढे ती कधी गेली नाही. आणि त्याच्या मागून येणारे सगळेच तिथे डावीकडे वळायचे. मे महिन्यातल्या शर्यतीत एखादा नवखा सरळ कापायला लागला, तर कडेचे लोक ओरडायचे, "ए, सिरिलच्या वळणावरून ये! नाहीतर चीज मिळायचं नाही!" जिंकणाऱ्याला चीजची मोठी चकती मिळते, त्यामुळे नवखा निमूट वळायचा. मला त्या वळणाचा अभिमान होता. साधूंनी मला सरळ चालवलं होतं, पण लाडाने वाकडं केलं ते सिरिलने.

मग शेत विकलं गेलं. नवे मालक मिस्टर अ‍ॅलनबी शहरातून आले होते. पहिल्याच वसंतात कुणा पाहुण्याचा कुत्रा त्यांच्या गाभण मेंढ्यांमागे लागला, आणि त्यांनी पायऱ्यांवर आडवी काटेरी तार मारली.

गावाने काय करावं? काही केलं नाही. जो तो तारेपर्यंत यायचा, म्हणायचा, "छे छे, हे काही बरं नाही," आणि परत फिरायचा. पबमध्ये महिनाभर दुसरा विषय नव्हता. पण अ‍ॅलनबी स्वतः पबमध्ये आले की सगळे हवापाण्यावर बोलायचे. मालकाच्या तोंडावर कसं बोलायचं, आणि मीच का बोलायचं, असं प्रत्येकालाच वाटलं. त्या वर्षी शर्यतही डांबरी रस्त्याने झाली. माझ्यावर ब्लॅकबेरीच्या वेली चढल्या. मी रोज रानाकडे कान लावून असायचे. सिरिल येईल, तो काही गप्प बसायचा नाही, असं मला वाटायचं.

सिरिल आला नाही. त्याच्या छातीत दुखणं भरलं होतं, हे मला हिल्डाकडून कळलं. ती नणंदेला, नोराला, घेऊन यायची आणि तारेखालच्या पायरीवर बसायची.

"वहिनी, दादाने काय खूळ काढलंय म्हणे?"

"म्हणतो, माझी शवपेटी याच वाटेवरून न्या. ज्या वाटेवरून प्रेत जातं ती वाट कायमची सगळ्यांची होते, कुणाला अडवता येत नाही, असं तुमची आजी सांगायची ना?"

"आजी काय, कायपण सांगायची. कायद्यात असलं काही नाही गं. वकीलच म्हणाले, पबमध्ये, सगळ्यांसमोर."

"त्यालाही माहीत आहे ते. म्हणतो, कायद्याला ठाऊक नसेल, गावाला ठाऊक आहे तेवढं पुरे. आणि म्हणतो, गाडीतून नेलंत तर उठून धावत येईन."

नोरा हसली. हसता हसता तिने डोळ्यांना रुमाल लावला. हिल्डा माझ्यावरची वेल बुटाने उगाच बाजूला सारत राहिली.

कापणी झाल्यावर तो गेला. आदल्या दिवशी त्याच्या धावण्यातल्या मित्रांनी वेली छाटल्या. दुसऱ्या दिवशी सहा जण त्याला खांद्यावर घेऊन रानातून चढले. अंगात काळे कोट आणि पायांत धावायचे बूट. तारेपाशी आले आणि थांबले. तार कापायची पक्कड कुणीच आणली नव्हती. ती दुसरा आणेल, असं प्रत्येक जण धरून चालला होता.

"सॉरी, सिरिल," पुढचा एक जण पेटीला म्हणाला.

तेवढ्यात पलीकडून अ‍ॅलनबींचा ट्रॅक्टर आला. त्यांनी इंजिन बंद केलं, टोपी काढली आणि उतरून तारेशी आले.

"मिस्टर अ‍ॅलनबी, माफ करा," हिल्डा म्हणाली, "पण आम्हाला इथून जायचंय."

"इथून? इथे तर तार आहे."

"दिसतेय आम्हाला. सहा महिने दिसतेय."

मागच्या बाजूचा एक जण कण्हला. "साहेब, काय ते लवकर ठरवा. खांदा गेला माझा. हा माणूस धावायचा कसा, देव जाणे."

अ‍ॅलनबी ट्रॅक्टरकडे गेले, पक्कड घेऊन आले आणि स्वतः तार कापली. मग पेटी पायऱ्यांवरून पलीकडे काढायला त्यांनी हातही लावला.

"मला कुणी काही बोललंच नाही हो," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, ही वाट कुणाला नकोच आहे."

सहाही जण आपापल्या बुटांकडे बघायला लागले. हिल्डाही.

मग ते शेतातून निघाले. अ‍ॅशच्या झाडापाशी कुणी काही न सांगता सगळे डावीकडे वळले. मी किती महिने आसुसले होते या दिवसासाठी! सहा माणसांची पावलं माझ्यावर पडली, मागून सगळ्या गावाची पडली. सिरिलही माझ्यावरून गेला. पण त्याचे पाय काही मला लागले नाहीत.

अ‍ॅलनबींनी तार पुन्हा लावली नाही. पुढे नांगर फिरला, पेरणी झाली, आणि शेतापुरती मी पुसली गेले. आता कुणीही यावं, अडवणारं कुणी नव्हतं. रविवारी धावणारे पायऱ्यांपर्यंत आले. उभे राहिले.

"तू हो पुढे."

"छे, मी कसा? तू हो."

सिरिलची जागा कुणाला घ्यायची नव्हती. एवढा मान राखून ते परत गेले. पुढच्या रविवारीही तेच. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे बाबांनो, तुमच्या या मानाने मी मरेन! पाऊस पडत होता, मातीच्या आत गहू फुटत होता, आणि दुसरं कुणी नाही, मला तोच हवा होता.

मग एका धुक्याच्या सकाळी पायऱ्या करकरल्या आणि ढेकळांत बूट उमटला. डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली. तो ठसा मी झोपेतही ओळखला असता. आला! माझ्या अंगावर काटा आला.

दुसरं पाऊल पडलं तेव्हा कळलं. बूट तोच होता, वजन मात्र हलकं होतं, आणि शेजारी काठीचं भोक उमटत होतं. हिल्डाने त्याचे बूट घातले होते, आत दोन जोड मोजे कोंबून. ती धावत नव्हती, सावकाश चालत होती.

"बूट आहेत की होड्या रे तुझे," ती पुटपुटली. "आणि पुढे कुणी नाही, तर कुणाला बोलू मी?"

अ‍ॅशच्या झाडापाशी ती थांबली. मनोरा नाकासमोर होता. तिचे पाय सरळ, तिला वळायचं काही कारण नव्हतं. तिने डोळे पुसले, काठी डावीकडे टेकवली आणि काठीमागोमाग त्याचा बूट टाकला. पलीकडच्या कुंपणापर्यंत ती एकदाही सरळ झाली नाही.

त्या रविवारी सगळे आले आणि तिच्या पावलांत पावलं टाकून गेले. आज मी आहे ती अशी, वीतभर रुंद, चिखलाने भरलेली, दोन्ही अंगांना कोवळा गहू घेऊन. हिल्डाचे गुडघे पुढच्या वर्षी त्या पायऱ्या चढतील की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. नांगर फिरला की या. कुणी पुढे होण्याची वाट बघू नका, माफी मागत उभे राहू नका. मनोऱ्याकडे बघत निघा आणि झाडापाशी आलात की जरा डावीकडे वळा. सरळ जाणं जवळचं आहे, हे मलाही कळतं. मला ओढ अजून त्याच्याच पायांची आहे, पण तुमचे चालतील.