अकरा टेक

गाण्यांचे व्हिडिओ मी एकेक फ्रेम थांबवून बघायचे. बाबा म्हणायचे, "एवढे डोळे फाडून अभ्यास केला असतास तर!" तरी मी केलेल्या पहिल्याच व्हिडिओत जिना चढणारा म्हातारा तेच झाले, तेही हौसेने.

महिन्याभरात ते हृदयविकाराने गेले. काही दिवसांनी आई म्हणाली, "त्यांचा आवाज ऐकव गं."

मी चित्रण लावलं. बाबांनी तोच जिना अकरा वेळा चढला होता; अकराही टेकमध्ये आवाज नव्हता. गाणं नंतर वरून चढवायचं होतं, म्हणून कॅमेऱ्याचा माइक मीच बंद ठेवला होता.

नवव्या टेकनंतर बाबा कठडा धरून माझ्याकडे बघत काहीतरी बोलताना दिसले. तेव्हा माझ्या कानात हेडफोन होते, गाणं चालू होतं. मी अंगठा दाखवून "अजून एकदा" म्हटल्याचं आठवलं.

"परत लाव," आई म्हणाली. तिसऱ्या वेळी त्यांच्या ओठांबरोबर तिचेही ओठ हलले.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"दम लागलाय, पोरी. जरा बसू दे."

स्क्रीनवर बाबा मान डोलावून कॉलर नीट करत खाली उतरले आणि पहिल्या पायरीशी जाऊन उभे राहिले.