पाणी न दिलेली तलवार

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे. वय विचाराल तर तीन वर्षं. पण पत्र्याच्या तलवारीला तीन वर्षं म्हणजे म्हातारपणच. आत्ता मी नागापूरच्या एका शेडमध्ये व्हाईसच्या जबड्यात आवळलेली आहे. शेजारी धार लावायचा ग्राइंडर आहे. लाईट गेली म्हणून तो गप्प आहे. ती येईपर्यंतच मला वेळ आहे. तेवढ्यात माझं ऐकून घ्या.

माझा जन्म याच शेडमधला. बाबाजान इथे लोखंडी कपाटं करतात. त्यांचे वडील कोयते घडवायचे आणि ते कसब बाबाजानच्या हातातही उतरलं आहे. पातं लाल तापवायचं, नेमका रंग आला की पाण्यात बुडवायचं. मग ते कडक होतं, धार धरून राहतं. याला पाणी देणं म्हणतात. बाबाजानने पाणी दिलेला कोयता कोपरगावच्या उसात अख्खा हंगाम बोथटत नाही, असं तोडणारे सांगतात.

एके दिवशी रविराज नावाचा तरुण आला. राक्षस, जादूगारीण, तलवारी असा सिनेमा तो गावातल्याच माणसांना घेऊन काढत होता.

"चाचा, तलवार पाहिजे. एकदम खरी दिसली पाहिजे."

"चालवनार कोन?"

"कानिफनाथ. टेम्पो चालवतो तो."

"त्याचा टेम्पो पाहिलाय मी," बाबाजान म्हणाले. "पत्र्याची करतो. हिला पाणी देनार न्हाई."

कपाटाच्या दाराचा पत्रा उरला होता, त्यातून त्यांनी मला कापलं. कडा घासून घासून गोल केल्या. त्यांच्या मुलीने, बानूने, मुठीला लाल सुतळी गुंडाळली. मी फार ऐटीत निघाले हो.

शेवटची लढाई हिवरे बाजारच्या वाटेवरच्या माळावर झाली. जादूगारीण झाली होती रेश्मा. एरवी ती डेअरीत दूध घालते. कानिफनाथने मला उगारलं आणि त्याचा पाय दगडावरून घसरला. त्याच्या सगळ्या वजनासकट मी रेश्माच्या गळ्यावर आदळले.

आणि मी वाकले. पार दुमडले. रेश्माच्या गळ्यावर नुसता लाल वळ उठला. सगळे पांढरेफटक पडले. पण ऊन कलत होतं, दुसऱ्यांदा चित्रण करायला उजेड नव्हता. रविराजने तेच सिनेमात ठेवलं. बाबाजान रागावतील म्हणून पाय खराच घसरला होता हे त्यांना कुणी सांगितलं नाही. "शूटिंगात वाकली," एवढंच सांगून मला सरळ करून घेतलं.

गावात पडद्यावर सिनेमा लागला तेव्हा पोरांनी मला खांद्यावरून मिरवलं. मग तो मोबाईलवर आला आणि खाली लोकांची मतं येऊ लागली. बानू ती मोठ्याने वाचून दाखवायची. "राक्षस म्हंजी घोंगडी पांघरलेला रेडा." "जादूचा धूर न्हाई, डास मारायचा धूर हाय." "तलवार हाय का कपाटाचं दार?" यावर तर बाबाजान स्वतः पोट धरून हसले. "वळखलं की बेट्यानं!"

पण एक मत कोपरगावहून आलं. सिनेमाच्या शेवटी शस्त्रं करणाऱ्याचं नाव होतं, ते त्या माणसाने वाचलं होतं. "हाच का तो कोयतेवाला बाबाजान? तलवार पार दुमडली. चाचाच्या हातातलं पाणी गेलं."

बाबाजान हसले नाहीत. चहा तसाच राहिला. पुढे कित्येक दिवस त्यांनी कोयता हातात धरला नाही.

काल रविराजचा फोन आला. "चाचा, रविवारी दुसऱ्या भागाचं शूटिंग हाय. लोक तलवारीलाच हसत्यात. औंदा धार पाहिजे."

"लावतो," बाबाजान म्हणाले.

मित्रांनो, रविवारी कानिफनाथ तोच आहे. गळाही तोच आहे. मला तोंड असतं तर मी हा पत्रा फाटेपर्यंत ओरडले असते.

"अब्बा, नका हो," बानू मघापासून विनवते आहे. "कुनाला तरी लागंल."

"गप ऱ्हा. नाव माझं गेलंय, तुझं न्हाई."

ती रागाने मोबाईल घेऊन उंबऱ्यावर बसली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला. "अब्बा, रेश्मानं लिवलंय. सिनेमाच्या खाली."

"काय?"

"'मी ती जादूगारीन. तलवार वाकली तवा तुमी हसला. तो पाय खराच घसरला हुता. ती वाकली म्हनून मी आज दूध घालाया जाते.'"

बाबाजानने हातातलं फडकं खाली ठेवलं. "परत वाच."

तिने परत वाचलं. तेवढ्यात लाईट आली. बटण चालूच राहिलं होतं. ग्राइंडर घरघरत फिरू लागला. बाबाजान उठले. त्यांचा हात माझ्यावरून गेला. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे कुठले?

खट्ट झालं. ग्राइंडरची घरघर हळूहळू थांबली.

"बानू, लिही त्या कोपरगाववाल्याला. पाणी न्हाई, बरोबर वळखलं. मुद्दाम दिलं न्हाई."

मित्रांनो, रविराजचा फोन पुन्हा वाजतो आहे. बाबाजान उचलत नाहीत, पण रविवार अजून यायचा आहे आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. तुम्ही मला खुशाल हसा. कपाटाचं दार म्हणा, ते खरंच आहे. फक्त हसताना मला धार लावा म्हणू नका. वेळ आली तर मी पुन्हा वाकेन. तेवढी मला बोथट राहू द्या.