लिंबाच्या ओंडक्यातला सोमेश्वर

महाराजांनी कुऱ्हाडीचा एकच घाव घातला आणि त्यांनीच जीपमधून आणलेला लिंबाचा ओंडका उभा फाकला. आत चेहरा होता. गोल गाल, कपाळावर आलेले केस, डाव्या गालावर तीळ. अंजनाच्या अंगणात जमलेलं अर्धं चौसाळा गाव एका आवाजात ओरडलं, "सोमेश्वर! अवं, सोमेश्वरच हाय!"

सात वर्षांचा सोमेश्वर डेंग्यूनं जाऊन जेमतेम महिना झाला होता. अंजना त्या लाकडाला अशी बिलगली, की तिला सोडवायला कुणी धजेना.

"लेकरू झाडात कोंडलंय," महाराज एक डोळा मिटून, दुसरा गर्दीवर ठेवून म्हणाले. "घरातल्याच म्हाताऱ्या नजरेनं खाल्लं त्याला. ती नजर भाईर काढा. अवसेला लेकरू सोता बोलंल!"

घरात म्हातारी एकच होती. नातवाला अंगाखांद्यावर वाढवणारी मुक्ताबाई. तिच्या पोटच्या लेकानं, अंजनाच्या नवऱ्यानं तानाजीनं, त्याच दुपारी तिचं अंथरूण शेळ्यांच्या गोठ्यात नेऊन टाकलं.

अंजनाची धाकटी बहीण बबिता चहा घेऊन गोठ्यात गेली. "मावशी, घरात चला. असं कावून ऐकता त्याचं?"

"न्हाई गं बाई. न्हाऊ घालताना मीच म्हनले हुते, किती देखना दिसतुय माझा राजा. माझीच लागली नजर." चहा तसाच निवला.

 घरात येऊन बबितानं त्या लाकडी गालावरून हात फिरवला आणि तिची बोटं थबकली. गालावर बारीक तिरप्या ओळी होत्या. एकसारख्या, नांगरटीसारख्या. या ओळी तिच्या रोजच्या ओळखीच्या होत्या. केजला तिच्या घरी टेबलावर मावणारं, संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणारं सीएनसी मशीन होतं, आणि उठावाची नक्षी कोरायचा तिला नाद होता.

चौकातल्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर सोमेश्वरचा फोटो होता. ओंडका कोरणाऱ्यानं तोच वापरला असणार, म्हणून तोच घेऊन तिनं केजला आपल्या मशीनवर एक फळी कोरायला घेतली. पाटीवरची अक्षरं असती तर कडेकडेनं कटर फिरवून भागलं असतं. चेहऱ्याला चढउतार असतात. आधी चपट्या कटरनं थराथरानं लाकूड काढायचं, मग गोल टोकाच्या बारीक कटरनं ओळीला ओळ लावत जायचं. ओळी जवळ ठेवल्या तर गाल मऊसूत उतरतो, पण वेळ फार लागतो. ओंडका कोरणाऱ्यानं घाई केली होती. ते दाखवायचं तर बबितालाही ओळी लांबच ठेवणं भाग होतं. भाच्याचा गाल असा खरबरीत कोरायला तिचं मन होईना. डोळे पुसत तिनं मशीनमध्ये ओळींमधल्या अंतराचा आकडा भरला.

अवसेला अंगण पुन्हा भरलं. बबितानं ओसरीवर केजहून आणलेलं मशीन लावून त्यात अर्धी कोरलेली फळी ठेवली. कटर फिरू लागला, तिरपा जाई, तिरपा येई. बघता बघता सोमेश्वरचा उरलेला गाल लाकडातून वर आला. 

"देवाच्या कामात यंत्र आनतीस? पाप लागंल, बये!" महाराज गरजले.

बबितानं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "ताई, सोमूचा तीळ हाताला कसा लागायचा गं?"

"उंच. जवारीच्या दान्यावानी." अंजनाचं बोट ओंडक्यातल्या गालावर गेलं आणि तिळाच्या जागी खाली रुतलं. "इथं... इथं तर खड्डा हाय."

"माझ्या फळीवरबी खड्डाच हाय. मशीनला फोटोतलं उजळ ते उंच दिसतं, काळं ते खोल. ओंडक्याच्या ह्या दोन फाका आत कोरून सरसानं चिकटवल्यात, वरून साल लावलीय. सरस अजून कडेला दिसतोय. ज्यानं हे कोरलं, त्यानं सोमूला कधी हात लावलेला न्हाई, ताई."

लोक कड पाहायला पुढं सरकले, तसे महाराज मागच्या मागं जीपकडं निघाले. कुणी अडवलं नाही. अंजनाचं बोट मात्र अजून त्या खड्ड्यावरच होतं.

"खोटं हाय, हे कळलं," ती म्हणाली. "पर आता माझ्यापाशी तेवढंबी न्हाई राहिलं."



मग अंजना उठली, गोठ्यात गेली. "आत्याबाई, डासाचा ताप हुता त्यो. तुमचा काई दोस न्हाई. मला माफ करा."

म्हातारीनं मान हलवली. "तू म्हनतीस, पोरी. पर माझ्या मनातून कसं जावं?"

दाराशी मान खाली घालून तानाजी उभा होता, मागं सारा गाव. बबिता त्यांच्याकडं वळली.

"चमत्कार बगून हात जोडायच्या आधी एकदा इचारा, हे केलं कसं? तुमच्या दुखात कुनी घरच्याच मानसाकडं बोट दावलं, तर दोनदा इचारा. लाकडातलं खोटं एका दिवसात उघडं पडलं. म्हातारीच्या काळजात पेरलेलं आता कोन काढनार?"