चार बोटं खोल

मी टोचणी बोलतेय. म्हणजे अर्धीच बोलतेय. उरलेली अर्धी, दातांकडची, अजून नोकरीत आहे. आणि नोकरीत असलेल्यांनी बोलायचं नसतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मनाला लागते ती टोचणी मी नव्हे. तशी टोचणी मला आजवर एकाच माणसात सापडली, आणि माणसं मी पोतीभर पाहिली आहेत. मी पोलादी नळी. आतून पोकळ, एका टोकाला करवतीसारखे दात, दुसऱ्या टोकाला लाकडी मूठ. हॉप्सच्या गासडीत मला पिळत पिळत घुसवायचं आणि बाहेर ओढायचं, की आतला माल माझ्या पोटात येतो. हॉप्स म्हणजे एका वेलीची कागदासारखी हिरवी फुलं. बिअरला कडवटपणा येतो तो यांच्यामुळे. ती वाळवून, दाबून, तरटात शिवून त्यांच्या माणसाएवढ्या गासड्या करतात. कडू वस्तूसाठी माणसं एवढा जीव टाकतात आणि घरात कुणी एक कडू शब्द बोललं की महिनाभर अबोला धरतात. असो.

मला घडवणारा कातारी ठार बहिरा होता. त्याच्या कारखान्यात आवाजच इतका, की गल्लीतली कुत्री भुंकायचं सोडून एकमेकांना खुणा करायला लागली होती. हे मी स्वतः पाहिलंय. त्यानं आपल्या कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचं माप घेतलं आणि बरोबर एक हातावर माझ्या अंगाभोवती गोल खूण कोरली. इथवर आत गेली तरच गासडीचं काळीज लागेल, असं तो म्हणाला. स्वतःशीच म्हणाला, ऐकू त्यालाही आलं नसेल.

पहिला धनी भेटला तो पैलवान. गोदामात माल उतरवायचा आणि नमुने काढायचा. अक्कल बेताची, पण मला खुणेपर्यंत घुसवायचा, एक सूत कमी नाही. त्याच्या हातात असताना मी गासड्यांच्या पोटातून काय काय काढलं म्हणून सांगू. मागल्या सालचा शिळा माल, वजनाला टाकलेले दगड, एकदा एक कवळी. कवळी हसत होती. पैलवान निवृत्त झाला तेव्हा त्याला एक घड्याळ मिळालं, मला तेलाचं बोटही नाही.

मग आले मेव्हणे. एका जुन्या गोदामपालाच्या बायकोचे भाऊ. गोदामपाल केव्हाच गेला, पण हे राहिले आणि सगळ्यांचेच मेव्हणे झाले. हमालापासून साहेबापर्यंत जो तो ‘अहो मेव्हणे’ म्हणे. आपण सगळ्यांनी मिळून कोणाच्या बहिणीशी लग्न केलंय, असा विचार एकाच्याही डोक्यात कधी आला नाही. डोकी अशीच असतात; वर तेल, आत तूस.

पहिल्या आठवड्यात मेव्हण्यांचं मनगट दुखलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी घरून कानस आणली आणि माझ्या दातांपासून चार बोटांवर दुसरी खूण कोरली. खुणेपर्यंत घुसवायचं, एवढंच त्यांना सांगितलं होतं ना? मग खूण जवळ आणली. मनगटावर इतका जालीम उपाय एकाही वैद्याला सुचला नसता.

कुणी विचारलंच, की दोन खुणा कशाला, तर ते गंभीर तोंड करून सांगत, की वरची खूण जुन्या पद्धतीच्या जाड गासड्यांसाठी. त्या आता येत नाहीत. विचारणारा मान डोलावून जाई. होता होता कोणीतरी ते वहीत लिहिलं, कोणीतरी टंकून घेतलं, आणि एक दिवस गोदामाच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत पाटी लागली: ‘नमुना पहिल्या खुणेपर्यंत घ्यावा.’ आळसाचा नियम व्हायला फार दिवस लागत नाहीत. फक्त चौकट लागते.

आता प्रयोगशाळेकडे चला. ती गोदामाला लागूनच होती, मध्ये एक भिंत. तिथं दशांशबाई बसत. हे नाव हमालांनी ठेवलेलं, कारण बाईंचा कोणताही आकडा दशांश चिन्हापुढे चार घरं गेल्याशिवाय थांबत नसे. मी आणलेली चिमूट त्या काचेच्या पेटीतल्या तराजूवर ठेवत आणि काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरत. मग फुलं भट्टीत, मग पुन्हा तराजूवर. जेवढं वजन घटलं तेवढा ओलावा. उरलेल्या फुलांची पूड द्रावकात भिजवून, गाळून, यंत्राच्या दिव्यासमोर धरली की कडवटपणाचा आकडा येई. बाई तीनदा मोजत. घरीसुद्धा मीठ मोजून घालतात म्हणे, आणि नवरा चव न घेताच ‘छान’ म्हणतो.

हे सगळं कशावर? गासडीच्या सालीवर. चार बोटांवर. आंब्याची साल चाखून कोयीचं भविष्य सांगणं चाललं होतं, तेही चार दशांशांत. बाईंनी नऊ वर्षांत गोदामाची पायरी ओलांडली नव्हती. धुळीनं तराजू बिघडतो म्हणत. मला हसू यायचं, पण नळीला हसता येत नाही, नुसती शीळ वाजते.

त्या वर्षी एका बागवाल्याच्या दोनशे गासड्या आल्या. त्यानं घाईत फुलं नीट न वाळवताच दाबली होती. वरचा थर गोदामात सुकून कडकडीत झाला, आतला ओलाच राहिला. मेव्हण्यांनी मला चार बोटं घुसवलं. बाईंचा आकडा आला: ओलावा नऊ पूर्णांक एक दोन शून्य सहा. उत्तम. सही झाली, शिक्का बसला.

तीन आठवड्यांनी मेव्हणे नमुन्यांच्या पुड्या घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि दारातच उभे राहून कौतुक सांगू लागले, की तिसऱ्या रांगेतल्या गासड्यांना टेकून दुपारी पडलं, की कंबर काय झकास शेकून निघते. औषधाची गरज नाही. बाईंनाही पाठदुखी असेल तर येऊन बघावं.

बाईंचा चिमटा हवेत राहिला. “शेकून निघते म्हणजे? गरम आहेत?”

“गरम नव्हे हो. ऊबदार. आईच्या पदरासारखं.”

त्या दिवशी बाईंनी गोदामाची पायरी ओलांडली. मला मेव्हण्यांच्या हातातून काढून घेतलं आणि तिसऱ्या रांगेतल्या गासडीत घुसवलं. चार बोटं गेले. कोमट. बाई थांबल्या, पाटीकडे पाहिलं, माझ्या वरच्या खुणेकडे पाहिलं, आणि मग जोर लावला. मनगट त्यांचंही दुखलं असेल, पण त्यांच्याकडे कानस नव्हती. कानशीची खूण झाल्यापासून पहिल्यांदाच मी एक हात आत गेले, आणि खरं सांगते, पोळले. बाहेर आले ती तपकिरी लगदा घेऊन, कुजक्या तंबाखूसारख्या वासाचा. मुठीच्या खाली बाईंच्या हाताला चटका बसला.

ओल्या हॉप्सची गासडी आतल्या आत तापते आणि एके दिवशी पेट घेते, हे त्या धंद्यातल्या हमालाच्या बायकोलाही ठाऊक असतं. भिंतीपलीकडे बाईंचे द्रावकाचे बुधले होते. अलीकडे मेव्हण्यांची उशी.

मेव्हण्यांनी तिथंच सगळं सांगून टाकलं. मनगट, कानस, जाड गासड्या. वर समजूत घातली: “गप्प बसा बाई. बभ्रा झाला तर तुमचंच नाव जाईल. माझं नाव तर कुणाला माहीतच नाही.”

मला वाटलं, बसतील गप्प. मी माणसांवर पैज लावत नाही. हरायची भीती नसते, जिंकल्याची लाज वाटते.

पण बाई मला काखोटीला मारून साहेबांकडे गेल्या. गासड्या तासाभरात मैदानात निघाल्या. फोडल्या तेव्हा सात गासड्यांच्या पोटातून धूर आला. साहेबांनी कपाळ पुसलं, चहा मागवला आणि न्याय केला. दोन खुणा आहेत म्हणून घोळ झाला, एकच ठेवू. बाई हो म्हणाल्या. त्यांना वाटलं, कातार्‍याची ठेवणार.

साहेबांनी कानशीची ठेवली. कातार्‍याची मानली तर नऊ वर्षांचे सगळे दाखले खोटे ठरत होते. मला कानशीच्या खुणेच्या जरा वर कापलं, दाताकडच्या तुकड्याला आखूड मूठ बसवली. आता कुणी हत्ती आणला तरी ती चार बोटांपुढे फारशी जायची नाही. मेव्हण्यांनी मूठ स्वतः बसवली, आणि छान बसवली.

“साहेब, त्या दाखल्यांवर माझी सही आहे,” बाई म्हणाल्या.

“म्हणून तर सांगतोय. विसरा.”

बाईंनी वाद घातला नाही. आठवडाभर बसून नऊ वर्षांतल्या प्रत्येक खरेदीदाराला पत्र लिहिलं, दोनच वाक्यांचं. “आपणास दिलेला आकडा गासडीच्या वरच्या ७.५००० सेंटिमीटरपुरताच खरा आहे. त्याखाली काय होते, ते मी पाहिलेले नाही.” चार दशांश. मी आयुष्यभर हसले त्या बाईच्या दशांशांना. त्या दिवशी शीळही वाजली नाही.

बाईंना घरी बसवलं, हे तुम्ही ओळखलं असेलच. त्यांच्या जागी आलेला गृहस्थ दशांशापुढे सहा घरं जातो. मेव्हण्यांना बढती मिळाली. ते आता नमुना कसा घ्यावा हे नव्यांना शिकवतात.

मी भंगारात पडले होते. निघताना बाईंनी मला उचललं. सध्या मी त्यांच्या गॅलरीत, कुंडीत उभी आहे आणि माझ्यावर वेल चढलीय, हॉप्सचीच. जन्मभर मी ज्यांच्या पोटात घुसले ते आता माझ्या गळ्यात पडतात, अजाण पोरं. बाई मातीत बोट खुपसून ओल बघतात. पूर्ण बोट. त्यांचा नवरा वरून बघतो आणि ‘छान’ म्हणतो.

जाता जाता एक मागणं. पुढे कधी कुणी तुमच्यासमोर शिक्क्याचा, सहीचा, लांबलचक आकडा ठेवला, तर तो किती बारीक आहे ते विचारू नका. किती खोलवरून आणलाय, ते विचारा.

मान डोलावलीत. बघितलं मी. चार बोटं डोलावलीत.