दहा-पंधरा सेकंद इकडेतिकडे

मी किल्लीचं मनगटी घड्याळ बोलतोय, आणि जरा चिडूनच बोलतोय. आजवर टिकटिक करण्यापलीकडे तोंड उघडलं नाही, पण आता डोक्यावरून पाणी गेलंय.

माझ्या पोटात बॅटरी नाही. किल्ली दिली की एक स्प्रिंग आवळली जाते, तिच्या जोरावर दातेरी चाकं फिरतात, आणि त्या सगळ्यांना लगाम घालतं ते एक इवलंसं, सतत झुलणारं चाक. त्याला केसासारखी बारीक दुसरी स्प्रिंग. उकाडा असो की गारठा, मी उताणा पडलेला असो की कुशीवर, किल्ली नुकतीच दिलेली असो की संपत आलेली, सगळ्याचा परिणाम त्या झुलण्यावर होतो. कारखान्यातून निघतानाच तिथल्या तपासनीस बाईंनी मला कानाशी धरून सांगितलं होतं, "दिवसाला दहा-पंधरा सेकंद इकडेतिकडे. चांगलं आहे, जाऊ द्या." मला वाटलं, जगाशी आपला करार झाला.

पहिली बरीच वर्षं जगाने तो पाळलाही. मला विकत घेतलं ते टायपिंगचा वर्ग चालवणाऱ्या एका बाईंनी. लांबट खोली, दोन्ही भिंतींना लागून यंत्रं, आणि मधून हात मागे बांधून फिरणाऱ्या बाई. वेगाची परीक्षा असली की माझ्या सेकंदकाट्याकडे बघत त्या म्हणायच्या, "हं, सुरू." मग असा काही खडखडाट उठायचा की माझी टिकटिक मलाच ऐकू यायची नाही. "थांबा" म्हटलं की सगळे हात वर. तेवढ्या वेळात माझी चूक ती किती असणार? आठवड्यातून एकदा रेडिओवर बातम्या लागल्या की बाई माझे काटे जुळवायच्या. "धावलास होय रे पुढे," एवढंच म्हणायच्या. कधी रागावल्या नाहीत.

पुढे वर्ग बंद झाला. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि माझे काटे त्यांना एकात एक दिसू लागले. तेव्हा त्यांनी मला आपल्या भावाच्या मुलाच्या हातावर बांधलं. "नीट वापर. याने मला कधी अडचणीत आणलेलं नाही."

हा भाचा ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत काम करतो. माणूस वाईट नाही. पण रोज सकाळी उठला की मला मोबाइलशेजारी ठेवायचा आणि कोर्टात उभं केल्यासारखी माझी उलटतपासणी घ्यायचा.

"परत नऊ सेकंद पुढे," तो बायकोला सांगायचा.

"त्या नऊ सेकंदांत तुम्ही काय करणार होतात?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

तत्त्वाचा हा माणूस मग निवांत चहा पिऊन, वर्तमानपत्र चाळून, चपला शोधून अर्धा तास उशिरा कामावर पोचायचा. तिथे वादक वाट बघत बसलेले असायचे. "दोन मिनिटं हं," म्हणत हा आणखी तारा जोडत बसायचा. ती दोन मिनिटं कोणी मोबाइलशेजारी ठेवून तपासली नाहीत.

आणि काम करताना मी मनगटावर टोचतो म्हणून तो मला काढून ठेवायचा कुठे, तर थेट स्पीकरवर. स्पीकरच्या पोटात भलंमोठं लोहचुंबक असतं. माझ्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले आणि मी पिसाटासारखा पळत सुटलो. सेकंदांची बात गेली, मिनिटंच्या मिनिटं पुढे. मला कळत होतं काय झालंय, पण सांगणार कसं?

दुरुस्तीवाल्याने होकायंत्र जवळ धरलं, सुई हलली. तो आधीच गिऱ्हाइकांना वैतागलेला होता. "लोहचुंबकापासून लांब ठेवा. चढलेलं चुंबकत्व उतरवून देतो. पण सेकंदावर नाही हं चालायचं हे. तसं हवं असेल तर बॅटरीचं घ्या."

"इतकं जुनं, नावाजलेलं घड्याळ, आणि साधी वेळ दाखवत नाही?"

"दाखवतं की. तुम्ही जास्तच टक लावून बघता."

भाच्याने मान डोलावली आणि आठवड्याच्या आत मी पुन्हा स्पीकरवर. पुन्हा पळापळ. मग त्याने ठरवलं, माझी तबकडी तेवढी ठेवायची आणि आतलं सगळं काढून बॅटरीचं यंत्र बसवायचं. माझ्यासमोर फोनवर ठरवलं. म्हणजे चेहरा माझा आणि जीव दुसऱ्याचा.

पण ते यंत्र बसवायच्या आधीच बाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा दिवस आला. भाचा त्यांना घ्यायला येणार होता. तो आला तेव्हा बाई पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसल्या होत्या. दवाखान्यात पोचलो तोवर त्यांचा नंबर जाऊन ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर गेलं होतं. तिथल्या बाकावर बसून भाच्याने मला मनगटावरून काढलं.

"आत्या, या घड्याळाने घात केला. अजिबात भरवसा नाही याचा."

बाईंनी मला हातात घेतलं, अगदी नाकाशी धरलं. मग काउंटरवरच्या मुलीला वेळ विचारली.

"हे तर पुढे आहे," त्या म्हणाल्या. "पुढे असलेल्या घड्याळाने तू लवकर यायला हवा होतास."

बाईंनी मला स्वतःच्या मनगटावर बांधलं आणि घरी जाताना वाटेत दुरुस्तीवाल्याकडे टॅक्सी थांबवून माझं चुंबकत्व उतरवून घेतलं.

आज ते ऑपरेशन आहे. सकाळी भाच्याचा फोन आला, "निघालोच, दोन मिनिटांत पोचतो." बाईंनी "बरं" म्हटलं, कुलूप लावलं आणि कठड्याला धरून एकट्याच जिना उतरल्या. नाव पुकारलं तेव्हा त्या समोरच होत्या. आत नेताना परिचारिकेने मला काढून एका वाटीत ठेवलं.

भाचा आला, धापा टाकत. परिचारिकेने मला त्याच्या हाती दिलं.

"किती वेळ लागेल?" त्याने विचारलं.

"पाऊण तास, कदाचित एक तास. नक्की नाही सांगता येत."

"चालेल, चालेल," तो म्हणाला आणि बाकावर बसला.

ऐकलंत? पाव तास इकडेतिकडे, आणि त्याला चालतं. का चालतं, तेही मला दिसतंय. मला मुठीत घट्ट धरून तो त्या बंद दाराकडे बघतोय, आणि त्याच्या तळव्याला घाम सुटलाय. आत जिवाभावाचं माणूस असलं की माणसं समजूतदार होतात. त्यातला चिमूटभर समजूतदारपणा माझ्या वाट्याला आला तर काय बिघडेल? मी तर फक्त दहा-पंधरा सेकंद मागतोय.