माझी चोरी झाली, पण मी जागेवरच

मी एक फर्मा. म्हणजे लाकडाचं पाऊल. माझ्यावर चामडं ताणून बूट शिवतात. डोकं मुळातच लाकडाचं, त्यामुळे पुढचं सगळं तुम्हीच समजून घ्या आणि जमलं तर मलाही सांगा.

आमचे मालक आणि त्यांचे दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, या दोघांनी मिळून मला घडवलं. करंगळीकडे त्यांनी मला जरा फुगीर ठेवलं, म्हणून माझ्यावरचा बूट पहिल्या दिवशीही चावत नसे. घडवताना दाजींची कानस सटकली आणि टाचेच्या वर एक खाच पडली. ती तशीच राहिली.

पुढे दोघांचं बिनसलं. दाजींनी समोरच कारखाना काढला. तेव्हापासून काम संपलं की मालक मला कपाटात घालून कुलूप लावू लागले. तरी बघता बघता गल्लीभर न चावणारे बूट होऊ लागले. कारागीर आज इथे तर उद्या तिथे, हातातली कला सोबत जायचीच. गंमत म्हणजे ती बिनकामाची खाचही सगळ्यांनी उतरवली! खुबी तिथेच आहे, असं वाटलं त्यांना.

"चोरी झाली हो! आता धंदा बुडाला," म्हणत मालक डोक्याला हात लावून बसले. मी बुचकळ्यात पडलो. मला चोरलं म्हणतात, आणि मी तर कपाटातच!

त्याहून विचित्र पुढे घडलं. गल्लीचं नाव झालं. लांबलांबचे व्यापारी येऊ लागले. सोलवाला, चामडेवाला शेजारीच दुकान थाटून बसले. मालकांना नवी माणसं ठेवावी लागली.

"अहो, चोरी झाली तर आपलं काम वाढलं कसं?" मालकीणबाईंनी विचारलं. मालक नुसतेच चिडले.

मागच्या वर्षी एवढी मोठी मागणी आली की ती एकट्याच्या आवाक्यातली नव्हती. दाजी स्वतः दारात आले. हातात नवा फर्मा, मधोमध बिजागरी असलेला.

"अर्धं काम तुम्ही घ्या, दादा. आणि हा वापरून बघा, बूट चटकन निघतो."

"आणि मी याची नक्कल केली तर?"

"करा की! मी काय वेगळं केलं होतं?"

मालकांनी तो बराच वेळ हातात फिरवला. मग हसले. "बसा दाजी, चहा टाकायला सांगतो." मला इतकं बरं वाटलं!

आता इथे सगळीकडे बिजागरीचेच फर्मे आहेत. मी अजून कपाटातच, पण त्याचं कुलूप मालकांनी काढून टाकलंय. कारखाना वाढला, दोन घरं पुन्हा बोलू लागली, मला आनंदच आहे. मग रडू का येतंय, तेवढं मात्र कळत नाही. बाबांनो, एकदा तरी कुणीतरी मला खरंच चोरून न्या.